कागदावरचे कांदे

११ फेब्रुवारी २००१, रविवार

खताच्या दुकानदारानं डायरी फुकट दिली. गोरक्षनं ती दोन दिवस काखेत मिरवली, मग टीव्ही डुगडुगत होता म्हणून त्याच्या पायाखाली घातली. मी काढून घेतली. एवढी कोरी पानं, प्रत्येकावर तारीख छापलेली, आणि घरात कुणाला काही सांगायचं नाही? मला आहे. लिहिता येत नाही म्हणून काय झालं, तोंड आहे. सूनबाई दहावी पास आहे. दुपारी भांडी झाली की मी बोलणार, शीला लिहिणार. अट एकच – बोलेन ते लिहायचं, तिच्याबद्दल असलं तरी.

शीलाचं कालवण पातळ असतं.

लिहिलं का? लिहिलं. बरं, मग चालेल ही सून.

मी 'न्हाई' म्हणते, ही 'नाही' लिहिते. वाचून दाखवलं की मला वाटतं कुणी मास्तरीण बोलतेय. असू दे. म्हातारपणी तेवढाच मान.

तर हकिगत अशी. गोरक्ष माझा एकुलता एक. त्याच्या बापानं जन्मभर मेंढरं हाकली, हा आता माणसं हाकणार आहे. मंचरच्या अलीकडे हायवेला लागून आमची पट्टी आहे, तिथं मंगल कार्यालय बांधतोय. साठ फूट रुंद, शंभर फूट लांब. पहिलं लग्न माझ्या नातीचं, सुप्रियाचं, १३ मेला. मुलगा खोडदचा. तिथल्या त्या दुर्बिणीच्या मोठ्या तव्यांना आभाळाच्या पलीकडचं ऐकू येतं म्हणे. आमच्या गोरक्षला शेजारच्या खोलीतलं ऐकू येत नाही, तेव्हा सोयरीक जमली ते बरं झालं.


१४ फेब्रुवारी, बुधवार

मंचरहून इंजिनेर बाई आल्या. वृषाली नाव. स्कूटरवरून, हातात टेप. गोरक्ष त्यांच्या मागं रस्त्याकडे बघत राहिला, साहेब अजून यायचे आहेत असं समजून. "मीच आहे," बाई म्हणाल्या.

जागा मोजली. गोरक्षनं कौतुकानं कैच्या दाखवल्या – छत पेलायच्या लाकडी कैच्या, कुठल्याशा बंद पडलेल्या भाताच्या गिरणीतून आणलेल्या. त्यावर पत्रा टाकायचा, झालं कार्यालय.

बाईंनी पिशवीतून जाड पुस्तक काढलं. त्यात चौकटीचौकटींचं एक पान. आडव्या रेघेत भिंती-छत कशाचं. उभ्या रेघेत आत काय असणार. दोन्ही रेघा भेटतात तिथं आकडा. तेवढीच जागा बांधायची. म्हणजे सरकार घराला विचारतं, तुझं अंग कशाचं आणि तुझा धंदा काय. स्थळ बघायला येणारे पावणे तरी दुसरं काय विचारतात? फक्त ते आधी पोहे खातात.

"लाकडी कैच्या, पत्रा आणि आत हजार माणसं," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय त्याच्या निम्मा हॉल होईल."

"आन् समदं लोखंड-सिमिटाचं केलं तर?"

"जास्त मिळेल."

"आन् लाकडाचंच ठिवलं, पन आत मानसं न्हाईत? नुसता माल?"

"तरी जास्त मिळेल."

गोरक्ष हसला. "म्हंजी कांद्याला मोकळं रान आन् मानसाची कोंडी. लई भारी कायदा."

"कांदे पळत नाहीत, भाऊ," बाई म्हणाल्या. "पत्रा कोसळला, आग लागली, तर कांदे दाराकडं धावत नाहीत. माणसं धावतात. म्हणून माणसांना जागा बेतानं आणि दारं जास्त."

गोरक्षनं त्यांना चहा दिला. साखर घालायला विसरला.


१५ फेब्रुवारी, गुरुवार

गोरक्ष दिवसभर एक शब्द बोलला नाही. घर कसं शांत. इंजिनेर बाईंना रोज बोलवावं म्हणते.


२ मार्च, शुक्रवार

दुसरा नकाशा झाला. दुसऱ्याच कुणाकडून. वृषालीबाई म्हणाल्या होत्या, आत जे असणार तेच मी लिहिणार. हा दुसरा तेवढा हट्टी नाही.

गोरक्षनं नकाशा खाटेवर पसरला आणि बोट ठेवून वाचला. वापर – कांद्याची वखार. पुढं ट्रक शिरेल एवढं एक शटर. बाकी सगळीकडे भिंत. लांबी शंभर, रुंदी साठ, एक फूट कमी नाही.

"आन् लगीन?" मी विचारलं.

"लगीन हितंच, आये. कागदावर कांदे हायती, एवढंच."

म्हणजे नवरी कांदा, नवरदेव कांदा, आणि अक्षता टाकायला बाराशे कांदे. मी आपली जुनी, कोंब फुटलेली. मला कुठं बसवणार तेवढं विचारून ठेवायला हवं.

शीला हसतेय. हसून घे, विहीणबाई तू आहेस. तू मोठा कांदा.


२० मार्च, मंगळवार

भिंती झाल्या. कैच्या चढल्या. आचाऱ्यांना ये-जा करायला मागच्या भिंतीत एक दार ठेवलं. ते शीलानं मागून घेतलं. सासरी बावीस वर्षं झाली, तिनं मागितलेली आणि मिळालेली ही पहिली गोष्ट. दार चांगलं रुंद आहे. ती रोज संध्याकाळी जाऊन बघून येते.

आत दोन खोल्या. एकीवर रंगाऱ्यानं 'वधू पक्ष' लिहिलं, दुसरीवर 'वर पक्ष'. लाल अक्षरं, पांढरी किनार. मला वाचता येत नाही, पण कांद्याच्या वखारीत असलं काही लिहीत नसावेत, एवढं मलाही कळतं.


८ एप्रिल, रविवार

पत्रिका आल्या. बाराशे. मी विसावर मोजते. साठ विसा झाल्या. आमच्या मेंढक्यांच्या अख्ख्या वाड्यावर, सगळी बिऱ्हाडं मिळून, तेवढी मेंढरं नव्हती.

पत्रिकेवर कार्यालयाचं नाव सोन्याच्या शाईत. नाव गोरक्षच्या बापाचं. ते मी घेत नाही, शीला, तुझं तू लिही – बिरदेव मंगल कार्यालय. बापाचं नाव द्यायची बुद्धी झाली. कांद्यांच्या वखारीला बापाचं नाव. म्हातारा असता तर हसला असता. त्याला नावं ठेवून घ्यायची सवय होती.


१५ एप्रिल, रविवार

निरोप आला. तालुक्याचे साहेब मंगळवारी वखार बघायला येणार. नकाशाप्रमाणे आहे का ते तपासणार.

गोरक्ष नकाशा घेऊन भिंतीभोवती फिरला. नकाशात मागचं दार नाही. कसं असणार, कांद्याला कशाला मागचं दार? दुपारी गवंडी आला. संध्याकाळपर्यंत दार विटांनी बुजवून वरून गिलावाही झाला.

शीला आज दार बघायला गेली नाही.


१७ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस सगळ्यांनी लक्षात ठेवावा, म्हणून जरा जास्त लिही.

पहाटेपासून कांदा येत होता. शेजारच्या हौशीरामाचा. त्याची काढणी आत्ताच झालीय. गोरक्षनं त्याला काय सांगितलं देव जाणे. दोन ट्रॅक्टर रिकामे केले, तरी शंभर फुटांत कांदा दिसेना. मग युक्ती केली. पुढच्या बाजूला उंच ढीग, मागं ताडपत्री, ताडपत्रीमागं लग्नाच्या खुर्च्या. ढिगापुढं पोती टाकली आणि चार बाया निवडायला बसवल्या. 'वर पक्ष'वर पोत्यांची थप्पी आली. 'वधू पक्ष' झाकायला काही उरलं नाही, तेव्हा शीलाला त्या अक्षरांपुढं उभं केलं. डोक्यावर पाटी, पाटीत कांदे, बरोबर अक्षरांच्या उंचीवर. अर्धा तास उभी होती. माझी सून उंच आहे, याचा उपयोग आज पहिल्यांदा झाला.

मला ढिगाशेजारी बसवलं. म्हातारी दिसली की जागा खरी वाटते.

साहेब पोरगेलाच. नाकाला रुमाल. टेप लावली, शटर मोजलं, मागची भिंत बाहेरून ठोकून बघितली. मग वर बघितलं. वर रंगीत दिव्यांच्या माळा. काढायच्या राहिल्या होत्या.

"आजी, एवढे दिवे कशाला?"

बाया निवडायच्या थांबल्या. मीच बोलले.

"कांद्याला अंधारात करमत न्हाई, सायेब. कोंब फुटत्यात."

साहेब हसला. पावण्यासारखा चहा घेतला, कागदावर सही केली. वखारीचा पक्का दाखला जूनमध्ये येऊन देतो म्हणाला. तोपर्यंत भरा माल, म्हणाला.

तो गेल्यावर गोरक्षनं माझे पाय धरले. "आये, तू नसतीस तर मेलो व्हतो." सगळे पोट धरून हसले. मीही. पेढे हौशीरामानं आणले, आणि मोकळे कांदे घेऊन गेला; पोत्यांची थप्पी तेवढी राहिली.


१८ एप्रिल, बुधवार

कांद्याचा वास जात नाही. नवरीच्या खोलीत सगळ्यात जास्त.


२२ एप्रिल, रविवार

करमेना म्हणून एकटीच कार्यालयात गेले. एवढी मोकळी जागा बघितली की माझा हात आपोआप मेंढरं मोजायला लागतो. एक मेंढरू बसलं की किती जागा घेतं, उभं राहिलं की किती, घाबरून अंगावर आलं की किती – हे मला कुणी पुस्तकात बघून सांगायला नको. दिवाळी झाली की आम्ही माळशेज उतरून कोकणात जायचो, पावसाआधी परत चढायचो. रोज नवी जागा, रोज मोजायची. मोजायचं काम बायांचं.

चालत चालत मोजलं. बसली तर साठ विसा माणसं बसतात. गोरक्षचा हिशेब बरोबर आहे.

मग शटरपाशी उभी राहिले. एका वेळी पाच माणसं जातील, अंग चोरून सहा. मागच्या भिंतीला हात लावला. गिलावा अजून ओला आहे.


२६ एप्रिल, गुरुवार

दुपारी गारा पडल्या. बोराएवढ्या. पत्र्यावरचा आवाज घरापर्यंत आला.

शीला, आज बोलते ते कुणाला सांगायचं नाही. फक्त लिही.

आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. गोरक्ष अजून नव्हता. घाट चढून आलो आणि एका शेतकऱ्याच्या दगडी वाडग्यात मेंढरं कोंडली. छातीएवढी भिंत, वाट एकच, तिला काट्यांचं झाप लावून दाव्यानं बांधायचं. आदल्या दिवशी लांडग्यानं एक कोकरू नेलेलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, गाठ साधी मार, वेळेला सुटली पाहिजे. मी दावं दोनदा गुंडाळलं आणि गाठीवर गाठ मारली. मला वाटलं, मी शहाणी.

दुपारी अशाच गारा आल्या. वीज जवळ पडली. मेंढरं एकदम वाटेकडे आली. सगळी. मी बाहेर, दाव्याशी झटतेय. दावं भिजलं होतं. भिजलेली गाठ सुटत नाही, शीला. नखं तुटली तरी सुटत नाही. पुढची मेंढरं झापाला लागली, मागची त्यांच्यावर चढली. आवाज व्हायला हवा होता, पण दबलेल्या मेंढराला ओरडता येत नाही. ह्यांनी येऊन कोयत्यानं दावं तोडलं. तोवर एक वीस आणि सात मेली होती. लागलं एकालाही नव्हतं. नुसता श्वास कोंडला.

सासऱ्यांनी विचारलं, गाठ कुणी मारली? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "म्या."

सासऱ्यांनी वर्षभर त्यांना मेंढरांना हात लावू दिला नाही. वाड्यावर सगळे त्यांना 'गाठ्या' म्हणायचे. मरेपर्यंत म्हणायचे. गोरक्षला शाळेत पोरं 'गाठ्याचा' म्हणून चिडवायची, त्यावरून तो बापावर जळायचा. ह्यांनी कधी सांगितलं नाही. मीही नाही. चाळीस वर्षं.

आणि आता त्यांच्या नावाच्या कार्यालयात एकच वाट आहे, आणि ती एकच राहावी म्हणून मी कांद्यांची थट्टा केली. साहेब हसला म्हणून मला बरं वाटलं.

मेंढरांपेक्षा माणसं जास्त घाबरतात. बस कर. मिट वही.


२७ एप्रिल, शुक्रवार

गोरक्षला म्हटलं, मागचं दार उघड.

"आये, दाखला जूनला हाय. तवर भित्तीला हात लावायचा न्हाई. आन् तितं आता स्टेज आलंय."

म्हटलं, मग माणसं कमी बोलाव.

"पत्रिका वाटून झाल्या. आन् तुला काय कळतं त्यातलं? लगीन हाय, मेंढवाडा न्हाई."

खरंय. मेंढवाड्याला अक्कल लागते.


३ मे, गुरुवार

साहेब परत आला. या वेळी रुमाल नव्हता, सोबत दोन माणसं होती. सरळ आत गेला, पोती ओढली, 'वर पक्ष' वाचलं. मग 'वधू पक्ष' वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

म्हणाला, पत्र आलंय, बिननावाचं. वहीच्या पानावर. अक्षर सुरेख. खिशातून काढून थोडं वाचलं – "ही वखार नाही, मंगल कार्यालय आहे. तेरा तारखेला बाराशे माणसं येणार आहेत आणि वाट एकच आहे. भिजलेली गाठ सुटत नाही. मेंढरांपेक्षा माणसं जास्त घाबरतात."

शटरला सरकारी कुलूप लागलं. दारं होईपर्यंत आणि जागा निम्मी होईपर्यंत आत माणूस जमवायचा नाही.

गोरक्ष पायरीवर बसला. "कसली गाठ? कसली मेंढरं?" एवढंच म्हणत होता. मग उठला. "त्या इंजिनेर बाईचं काम हाय. न्हाईतर हौशीरामाचं. उद्या-परवा हापिसात जाऊन अक्षर बघतो. मला वळखू येईल. आन् घरातलं कुनी निघालं, तर त्याला ह्या घरात भाकर न्हाई, सांगून ठिवतो."

ते शब्द मी या पानांशिवाय कुणालाही सांगितले नव्हते.

हात का थांबला, शीला? लिही.


४ मे, शुक्रवार

लग्न पट्टीतच, उघड्यावर करायचं ठरलं. कापडाचा मांडव, चारी बाजू मोकळ्या. सुप्रिया म्हणते, "आजी, मला काय, नवरा तोच हाय ना?" पोरगी माझ्यावर गेलीय.

शीला दोन दिवस जेवत नाही. कालवण मात्र आज चांगलं घट्ट झालं होतं. पहिल्या पानावरचं खोडू नकोस, खाली हेही असू दे.

गोरक्ष उद्या सकाळच्या एस्टीनं तालुक्याला जाणार.


५ मे, शनिवार

एस्टी यायच्या आधी गोरक्षला अंगणात गाठलं. शीला उंबऱ्यात उभी होती. सांगितलं, गाठ तुझ्या बापानं नाही, मी मारली होती. सगळं सांगितलं. तो खाली बसला. मग म्हणाला, "आन् पत्र?" म्हटलं, माझं. "अक्षर कुनाचं?" म्हटलं, माझंच. माझ्या हातात अक्षर नाही, हे त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. त्यानं उंबऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाला, आणि पिशवी खुंटीला लावली.

शीला, शाई आण. या पानावर माझा अंगठा घे.